तीन क्विंटल कोरडं इंधन

बापूजी गावंड्यांनी जन्मात कधी सरपणाला पैसा मोजला नाही, हे सगळ्या पिंपरीला ठाऊक आहे, कारण ते खुद्द बापूजींनीच सगळ्या पिंपरीला सांगितलेलं आहे. पिंपरी नावाची गावं आपल्या जिल्ह्यात डझनभर तरी निघतील. ही नेरकडची, अमरावतीच्या वेशीजवळची. सहा एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर, स्लॅबचं घर, पोराचं नेरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे माणूस काही उपाशी मरत नव्हता. घरात गॅसही होता. पण गॅसवर चहा तेवढा व्हायचा. भाकरी, वरण, आंघोळीचं पाणी सगळं अंगणातल्या चुलीवर, आणि त्या चुलीला लागणारं लाकूड फुकट, हा बापूजींचा बाणा.

घरच्या पऱ्हाट्या होत्या, पण कपाशीची वाळकी काडी ती, भुरकन पेटते आणि भुरकन विझते. खरं सरपण म्हणजे बाभळीचं, नाहीतर निंबाचं. ते मिळवायची बापूजींची एक पद्धत होती. गावाच्या आसपास कुठं झाड कापायची मशीन वाजली की हातातला घास टाकून ते कान द्यायचे. "बोंडेच्या धुऱ्यावर हाये, आन् बाभूळच हाये," असं सांगून लुना काढायचे. धुरा म्हणजे आपल्याकडे बांध. तिथं गेल्यावर लगेच हात पसरायचे नाहीत. आधी रामराम, मग झाड कुठल्या अंगाला पाडावं याचा फुकट सल्ला, मग दोर धरून उभं राहणं, मग कापणाऱ्यांसाठी विहिरीवरून पाण्याची कॅन भरून आणणं. असे दोन तास गेले की सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "ह्या डहाळ्या मंग अशाच पडून राहतीन का?" नाही म्हणायची कुणाची छाती? ज्या माणसानं आपल्याला पाणी पाजलं त्याला काटक्या नाकारणार कशा? संध्याकाळी लुनावर मागे मोळी, पुढे मोळी, मधे बापूजी, अशी वरात गावात शिरायची.

पोरगा कपिल शाळेत होता तेव्हा ही वरात दिसली की गल्ली बदलून जायचा. मुलगी दिपाली हसण्यावारी न्यायची. बायको कोकिळाबाई म्हणायच्या, "लोकाइच्या झाडाखाली जन्म चालला तुमचा." बापूजींना यातलं काही लागत नव्हतं. मागण्यात कसली लाज, चोरी थोडीच केली? लाज ही चीज त्यांच्या अंगाला त्रेसष्ट वर्षं शिवली नव्हती. शिवली ती गेल्या फाल्गुनात, दिपालीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला.

साक्षगंध घरीच, रविवारी अकरा वाजता ठरलं होतं. दारव्ह्याकडचे पाहुणे आणि गावातली मंडळी मिळून दोनशे पान. कपिल म्हणाला, "बाबा, आचारी गॅसची भट्टी घिऊन येते. तीन सिलेंडरमंधी काम होते." बापूजींनी पाहुण्यांच्या समोरच मांडीवर थाप मारली. "गॅसच्या वरणाले चव राह्यते काय? बाभळीच्या इंगळावर शिजन सारं. इंधन माह्याकडं लागलं." व्याही हसून मान डोलावते झाले आणि बापूजींची छाती दोन बोटं वर आली.

आता देवाची करणी म्हणा नाहीतर बापूजींचा शनी, त्या पंधरवड्यात मशीन म्हणून कुठं वाजेना. घरच्या ढिगात आठ दिवसांच्या काटक्या. गोविंदा आचारी येऊन सांगून गेला, "तीन क्विंटल लागन, काका. आन् कोरडं. ओलं दिसलं तं मी कढई चढवत नाई." शुक्रवारपर्यंत बापूजींनी सात गावं पालथी घातली. विकत मिळत होतं, नेरच्या आरामशीनवर, लाकूड कापायच्या वखारीत, हवं तेवढं होतं. पण बापूजी गावंडे आरामशीनवर सरपण घ्यायला उभे राहिले ही बातमी नेरहून पिंपरीला त्यांच्या आधी पोचली असती. दाढी वाढली, डोळे तांबारले, जेवणावरून मन उडालं. माणसं पोरीच्या साक्षगंधाला गाद्या-सतरंज्या शोधतात, हे बाभूळ शोधत होते.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास कानावर आवाज आला. कालव्याच्या बाजूनं. बापूजींनी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला आणि लुना काढली.

कालव्यावर अश्वजित होता. नेरचा, झाडं कापणाऱ्या टोळीचा म्होरक्या, चाळिशीचा, कमी बोलणारा. सोबत तीन पोरं आणि एक टेम्पो. बापूजी त्याचे जुने गिऱ्हाईक, म्हणजे फुकटातले. अश्वजित त्यांना काकाजी म्हणायचा. कोकिळाबाईंनाही तो ओळखत होता, एकदा धुऱ्यावर मोळ्या बांधायला त्या आल्या होत्या तेव्हा त्यांनी टोळीला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला होता. जानेवारीत कोकिळाबाई निमोनियानं यवतमाळच्या दवाखान्यात नऊ दिवस होत्या, हेही त्याला माहीत होतं, कारण काटक्या न्यायला आलेल्या बापूजींनीच ते रडवेल्या तोंडानं सांगितलं होतं.

कालव्यावरची बाभूळ ओली हिरवी होती. बापूजींचं तोंड उतरलं. पण टेम्पोमागे एका अंगाला, वेगळी रचून, सुकी लाकडं ठेवलेली होती. सरळ, मांडीएवढी जाड, पुरुषभर लांब. वर्षभर वाळलेली असावीत, साल सुटून आलेली. बापूजींनी ती पाहिली आणि त्यांची सगळी पद्धत कालव्यात वाहून गेली. रामराम नाही, दोर नाही, पाण्याची कॅन नाही.

"अश्वजितभाऊ, मले तीन क्विंटल पाह्यजे. कोरडं. आजच्या आज."

आता आमच्या भागातला माणूस जे समजायचं तेच अश्वजित समजला. रोजच्या चुलीला माणूस मोळी मागतो. तीन क्विंटल, कोरडं, आजच्या आज, हे एका दमात मागणारा माणूस एकाच कामासाठी आलेला असतो. शिवाय वाढलेली दाढी, तांबारलेले डोळे, डोक्याला पांढरा दुपट्टा. अश्वजितनं हातातली मशीन बंद केली. मागे वळून पोरांना खूण केली, दुसरी मशीनही थांबली. एवढा वेळ कानात भरलेला आवाज गेला आणि कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"काकू गेल्या काय, काकाजी?" त्यानं हळू विचारलं.

इथं बापूजींना फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण नजर लाकडांवर गेली आणि त्यांना समजलं की ही मयतीची लाकडं आहेत. अडल्यानडल्याच्या घरी माती झाली तर द्यायला हे लोक असा एक ढीग राखून ठेवतात, त्याचा पैसा घेत नाहीत आणि दुसऱ्या कामाला ते कुणाला देतही नाहीत. 'नाही' म्हटलं की ढीग गेला. बापूजींनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

चौघंही उभे राहिले. एकानं डोक्यावरची टोपी काढली, बाकीच्यांनी दुपट्टे. मिनिटभर गेलं असेल. मग अश्वजितनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमी गाडीवर नका आणू. आमी टाकून देतो घरी."

घरी म्हटल्यावर बापूजींनी घाईनं मान वर केली. "घरी नको. तिथं पाहुणे हायेत, गाडी नाई शिरत. वावरात टाका, कोठ्यापाशी."

"माती किती वाजता हाये?"

आठ दिवस घरोघर फिरून निमंत्रण देणाऱ्या जिभेला एकच उत्तर पाठ होतं. "उद्या अकरा वाजता," बापूजी बोलून गेले. "घरीच."

बोलले आणि चपापले, पण अश्वजितला त्यात काही वावगं वाटलं नाही. लेकी-जावई लांबून यायचे असतील, म्हणून उद्या; आणि माती निघते ती घरूनच. त्यानं मान हलवली. टोळीनं लाकडं चढवली, वावरात नेऊन उतरवली, वर पाच गोवऱ्या ठेवल्या. बापूजी नको नको म्हणत होते तरी एका पोरानं जाताना त्यांचे पाय धरले. तो म्हणाला, "माही मायबी दवाखान्यातूनच गेली, काकाजी." बापूजींना त्याच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही.

टेम्पो गेला आणि बापूजी त्या ढिगासमोर एकटे उरले. आयुष्यात एवढं चांगलं सरपण त्यांना एका दिवसात कधी मिळालं नव्हतं, आणि हात लावायला मन होईना. पण एवढ्या लांब लाकडांना आचाऱ्याच्या भट्टीत जागा नसते. ती तशीच घरी नेली असती तर गोविंदानं बघताक्षणी विचारलं असतं, कारण असं न फोडलेलं, पुरुषभर लांब लाकूड कुठं लागतं हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून त्यांनी कोठ्यातून, म्हणजे वावरातल्या गोठ्यातून, कुऱ्हाड काढली आणि दुपारभर एकट्यानं ती फोडली. हाताला फोड आले. प्रत्येक घावाला वाटत होतं, आत्ता जाऊन सांगावं. अश्वजित कालव्यावरच असेल. लुना काढली तर दहा मिनिटं. पण सांगायचं काय? बायको जिवंत आहे म्हणून सांगायला जायचं? मेलेल्याचं सांगायला माणूस धावत जातो. हे सांगायला कुणी कधी गेलं असेल का? विचार करता करता शेवटचं लाकूड फुटलं, आणि मग जाण्यात अर्थ राहिला नाही अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अशा समजुती पटकन पटतात.

रविवारी पहाटेच भट्ट्या पेटल्या. गोविंदा खूष. "काका, असं इंधन मी तं पाह्यलं नाई. धूर नाई का काई नाई. गावलं कुठं?" बापूजी म्हणाले, "गावलं." आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी, मठ्ठा, सगळ्याचा वास गल्लीभर. व्याही येऊन भट्टीपाशी उभे राहिले, म्हणाले, "शब्द पाळला बापूजी तुमी." एरवी या एका वाक्यावर बापूजी महिनाभर जगले असते. आज ते वाक्य कुणी ऐकू नये असं त्यांना वाटत होतं.

कोकिळाबाई मांडवाच्या तोंडाशी कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. आजारानं वाळल्या होत्या, पण हिरवं नऊवारी नेसून, नथ घालून, आल्या-गेल्याला हसून या म्हणत होत्या. अकराला पाच कमी होते. बापूजींची नजर सारखी रस्त्याकडे. येणार नाहीत, कामाची माणसं, रविवारचा दिवस, कशाला येतील, असं ते घोकत होते. आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं की ते येतील. ज्याचं लाकूड लागलं त्यानं मातीला यायचं आणि एक लाकूड आपल्या हातानं ठेवायचं, ही रीत काही बापूजींना नवी नव्हती.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. चौघं उतरले. धुतलेले पांढरे शर्ट, उघडी डोकी, प्रत्येकाच्या हातात एकेक लाकूड. पाय धरणाऱ्या पोराच्या दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यातून झेंडूचा हार डोकावत होता. मांडव पाहून, स्पीकरवरचं गाणं ऐकून ते घर चुकल्यासारखे थबकले. बापूजी त्यांच्याकडे धावायला निघाले. तोवर कोकिळाबाईंनीच त्यांना पाहिलं.

"अवो, अश्वजितभाऊ, या ना. तिथं काहून उभे राह्यले? या, या."

चौघं हलेनात. अश्वजितनं कोकिळाबाईंकडे पाहिलं. मग मांडवात, मग भट्टीकडे, तिथल्या फोडलेल्या लाकडांकडे. मग बापूजींकडे. बापूजी नंतर म्हणायचे की त्या वेळी त्यानं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली असती तर ती आनंदानं खाल्ली असती. दिपाली पाटावर होती, पाहुणे समोर होते, आणि या माणसाच्या एका वाक्यावर सगळं होतं. बापूजींनी हात जोडले. कमरेच्या वर नाही, खालीच, कुणाला दिसू नयेत असे.

"काकू," अश्वजित म्हणाला, "तब्येत बरी हाये ना तुमची?"

"आता चांगली हाये, बापा. तवा वाटे का जातो. पण वाचली."

"चांगलं झालं." त्यानं हातातलं लाकूड भिंतीशी टेकवलं. "इंधन कमी नको पडाले म्हून अजून घिऊन आलो."

"एवढं हाये तं, अजून कायले? आन् ह्यानं हारबी आणला पाहा." कोकिळाबाईंनी पिशवीकडे हात केला. "दे, दिपालीच्या गळ्यात घालतो."

पोराचा चेहरा पांढरा पडला. अश्वजितनं पिशवी त्याच्या हातातून घेतली. "तो गाडीसाठी हाये, काकू. गाडीची पूजा राह्यली." आणि पिशवी पाठीमागे धरली.

कोकिळाबाईंनी त्यांना सोडलं नाही. पहिल्या पंगतीत बसवलं, पाहुण्यांच्या बरोबरीनं. बापूजींनी बुंदीचं पातेलं कपिलच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाढायला गेले. तीन पोरं खाली पाहून जेवत होती. अश्वजितच्या पानापाशी ते वाकले तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला.

"झालं, काकाजी."

जाताना तो बापूजींपाशी थांबला. बापूजी मनात रचून ठेवलेली वाक्यं जुळवू लागले. अश्वजितच म्हणाला, "काकू बऱ्या हायेत, हे लई चांगलं झालं." त्यात टोमणा नव्हता. बापूजींनी त्याचं तोंड नीट निरखून पाहिलं, टोमणा शोधला, सापडला असता तर जरा हलकं वाटलं असतं. त्या माणसाला खरोखरच बरं वाटलं होतं. तो गेला आणि बापूजी भट्टीमागे जाऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी कशानं आलं विचारलं तर धूर म्हणायची सोय नव्हती. गोविंदा सकाळपासून सगळ्यांना सांगत होता, धूर नाही म्हणून.

दुपार कलल्यावर पाहुणे पांगले. दिपाली मैत्रिणींबरोबर आत गेली, कपिल सतरंज्या पोचवायला गेला. अंगणात करपलेल्या भांड्यांचा ढीग, आणि त्याच्यापाशी कोकिळाबाई, नऊवारीचा पदर खोचून. बापूजी ओट्यावर बसले होते. भिंतीशी ती चार लाकडं तशीच टेकलेली.

"कपिलचे बाबा," कोकिळाबाई म्हणाल्या, "एकेक लाकूड हातात घिऊन माणूस कुठं जाते?"

बापूजींनी भिंतीवरची नजर खाली आणली.

"मी काही खुळी नाई. हार पाह्यला मी. माह्याकडं भूत पाह्यल्यावानी पाह्यत होते ते. कोणाचं सांगतलं होतं तुमी?"

"नाव मी नाई घेतलं," बापूजी म्हणाले. स्वतःलाच तो आवाज परका वाटला. "त्यानं इचारलं का काकू गेल्या काय. मी चूप राह्यलो."

त्यांना वाटलं होतं, आता ती रडेल. किंवा उचलून काहीतरी फेकेल. कोकिळाबाई हातातलं पातेलं तसंच धरून बसल्या.

"मंग त्याइनं काय केलं?"

"मशीन बंद केल्या. चौघंबी उभे राह्यले. टोप्या, दुपट्टे काढले डोक्यावरचे."

"माह्यासाठी?"

"हो."

"एक खेप भाकर खाऊ घातली होती म्या त्याइले." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "आन् तुमी? तवा तुमी काय करत होते?"

आतापर्यंत मोठं खोटं एक झालं होतं, तेही न बोलून. दुसरं बोलायची हिंमत बापूजींत राहिली नव्हती.

"मी लाकडं पाह्यत होतो," ते म्हणाले. "किती हायेत ते."

कोकिळाबाई उठल्या. विझलेल्या भट्टीपाशी गेल्या, ओंजळभर राख घेऊन आल्या आणि पातेल्यात टाकून घासायला बसल्या. बापूजींना ते बघवेना.

"ते राख नको घिऊ," ते म्हणाले. "दुकानातून पावडर आणतो मी. ते नको."

"काहून?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "माहीच तं हाये."